खाखा सुटते ती मेंदूत

१९९७ साली केंब्रिजच्या काही डॉक्टरांनी दोन मुलांबद्दलचा एक शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली ही भावंडं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. तिचा चुलत-मावस नात्यातला भाऊ दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मली तेव्हा दोघंही चारचौघांसारखीच होती. पण काही महिन्यांतच त्यांची भूक जी सुटली ती थांबेचना. जेवून उठलं की पुन्हा खायला हवं, नाही दिलं की आकांत. मुलीला चालणंही जड जात होतं. आपल्या एखाद्या गावात ही मुलं असती, तर पोराला भस्म्या झालाय म्हणून लोकांनी हिणवलं असतं आणि आईला तर धारेवरच धरलं असतं.

स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी यांच्या चमूने त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात लेप्टिन नावाचं संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. लेप्टिन तयार करणाऱ्या जनुकातलं एक अक्षर गळालं होतं. एकच अक्षर, पण तेवढ्याने पुढचं सगळं प्रथिन निकामी झालं होतं. मग प्रयोगशाळेत बनवलेलं लेप्टिन रोज टोचायला सुरुवात झाली. १९९९ साली पहिल्या वर्षाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मुलीचं वजन बारा महिन्यांत १६ किलोंनी उतरलं होतं. याच आजाराच्या, पुढे उपचार मिळालेल्या एका तीन वर्षांच्या मुलाची नोंद मला जास्त बोलकी वाटते. उपचारांआधी तो एका बैठकीत सुमारे १,१०० कॅलरी खायचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्या. काही आठवड्यांनी तसंच ताट पुढे ठेवल्यावर तो सुमारे १८० कॅलरी खाऊन थांबला. त्याला कोणी संयम शिकवला नव्हता, ताट काढून घेतलं नव्हतं, दटावलं नव्हतं. त्याचं पोट भरलं आहे हे त्याच्या मेंदूला पहिल्यांदाच कळलं होतं.

भुकेच्या विकारांवरच्या औषधांची गोष्ट इथून सांगायला हवी, कारण ही औषधं पोटावर किंवा जिभेवर काम करत नाहीत. ती मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे ग्राहींवर, काम करतात. रिसेप्टर हे प्रथिनाचं एक कुलूप असतं. ठरावीक आकाराचा रेणू येऊन त्यात बसला की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. शरीर स्वतःच्या किल्ल्या बनवतंच; औषधनिर्माते तशीच किल्ली बनवतात, किंवा कुलपात अडकून बसेल आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देणार नाही असा रेणू बनवतात. ऐकायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात या मार्गावर गेल्या तीस वर्षांत जितकी औषधं बाजारात आली, त्यातली बरीचशी परत घ्यावी लागली. का घ्यावी लागली, ते कळण्यासाठी आधी उंदरांकडे वळावं लागेल.

अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे १९४९ साली उंदरांच्या एका कुळात अतिशय लठ्ठ पिल्लं जन्मू लागली. साठच्या दशकात लठ्ठ आणि मधुमेही उंदरांचं दुसरं एक कूळ सापडलं. डग्लस कोलमन यांनी या उंदरांवर एक विलक्षण प्रयोग केला. त्यांनी दोन उंदरांची कातडी एकमेकांना शिवली, जेणेकरून एकाच्या रक्तातले पदार्थ दुसऱ्यात जातील. पहिल्या कुळातला लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर लठ्ठ्याचं खाणं कमी झालं. दुसऱ्या कुळातला लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्या उंदराने अन्न सोडलं आणि तो उपाशी मेला. कोलमन यांनी यातून ताडलं की रक्तातून ‘पुरे’ असा निरोप मेंदूकडे जात असतो. पहिल्या कुळाला तो निरोप बनवता येत नाही. दुसरं कूळ निरोप भरमसाट बनवतं, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. त्यांचं हे अनुमान बराच काळ अनेकांच्या गळी उतरलं नाही. १९९४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी त्या निरोपाचं जनुक शोधून काढलं. ते लेप्टिनचं जनुक होतं. चरबीच्या पेशी लेप्टिन बनवतात: चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, आणि लेप्टिन जास्त तर भूक कमी.

अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन या कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी लगेचच दोन कोटी डॉलर मोजले. लठ्ठपणा आता संपला असं वर्तमानपत्रांना वाटलं. पण लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं तर त्यात लेप्टिन भरपूर निघालं. त्यांचा निरोप निघत होता. मेंदू त्याला दाद देत नव्हता. त्यात आणखी लेप्टिन टोचून फारसा उपयोग झाला नाही. केंब्रिजच्या त्या भावंडांसारख्या, जगात मोजक्याच असलेल्या रुग्णांना मात्र या औषधाने नवं आयुष्य दिलं.

मग निरोप मेंदूत पोचल्यावर पुढे काय होतं, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. त्याचं उत्तर आलं ते एका पिवळ्या उंदराकडून, आणि विज्ञानातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या कथांपैकी ही एक आहे. हौशी लोक पिवळ्या केसांचे उंदीर शंभराहून अधिक वर्षं पाळत आले आहेत. हे उंदीर हमखास गुबगुबीत होतात. केसांचा रंग आणि भूक यांचा संबंध काय, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. १९९० च्या दशकात रॉजर कोन आणि इतरांनी मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरांचं एक कुटुंब उलगडलं. त्यातला पहिला रिसेप्टर त्वचेत आणि केसांच्या मुळाशी असतो. त्यावर संप्रेरक बसलं की काळा रंग तयार होतो. चौथा रिसेप्टर मेंदूत असतो. पिवळ्या उंदराच्या शरीरात बिघाडामुळे एक अडवणारं प्रथिन सगळीकडे तयार होत राहतं. ते केसांच्या मुळाशी पहिल्या रिसेप्टरला अडवतं, म्हणून केस पिवळे. मेंदूत ते चौथ्या रिसेप्टरला अडवतं, म्हणून भूक अनावर. १९९७ मध्ये कोन यांच्या चमूने, तेव्हा ते ओरेगनमध्ये होते, या चौथ्या रिसेप्टरला चेतवणारा एक रेणू उंदरांच्या मेंदूत सोडला आणि भुकेले उंदीर खायचे थांबले. अडवणारा रेणू सोडला तर त्यांनी जास्त खाल्लं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने या रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते अर्थातच लठ्ठ झाले.

आज आपल्याला चित्र बरंचसं स्पष्ट दिसतं. मेंदूच्या तळाशी जेमतेम चार ग्रॅम वजनाचा हायपोथॅलॅमस आहे. त्याच्या एका कोपऱ्यात दोन जातींच्या चेतापेशी शेजारी शेजारी राहतात. पहिल्या जातीला पीओएमसी पेशी म्हणतात. त्या आल्फा-एमएसएच नावाचा रेणू सोडतात, तो एमसी-४ रिसेप्टरवर, म्हणजे त्या चौथ्या मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरवर, बसतो आणि माणूस हात आखडता घेतो. दुसऱ्या जातीला एजीआरपी पेशी म्हणतात. त्या याच रिसेप्टरला गप्प करतात आणि भूक पेटते. चरबीकडून येणारं लेप्टिन पहिल्या जातीला जागवतं, दुसरीला निजवतं. या एजीआरपी पेशींची ताकद किती असावी? २०११ साली स्कॉट स्टर्नसन यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या साहाय्याने उंदरांच्या फक्त याच पेशी चेतवल्या गेल्या. पोटभर खाल्लेले उंदीर काही मिनिटांत वखवखल्यासारखे खायला लागले. त्याच्या उलट, प्रौढ उंदरांतल्या या पेशी नष्ट केल्या तर ते समोर अन्न असून उपाशी राहतात. काही हजार पेशींच्या हाती एवढी सत्ता असेल, तर जाड माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ असं म्हणताना आपण नक्की कोणाला दोष देतो आहोत, याचा विचार करायला हवा.

१९९८ साली इंग्लंड आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की एमसी-४ रिसेप्टर बिघडलेली माणसंही असतात. लहान वयात तीव्र लठ्ठपणा आलेल्या रुग्णांची केंब्रिजला पुढे तपासणी झाली, त्यात ५.८ टक्क्यांमध्ये या रिसेप्टरच्या जनुकात बिघाड निघाला. एका जनुकामुळे येणाऱ्या लठ्ठपणाचं हे सर्वांत मोठं कारण ठरलं. १९९८ मध्येच बर्लिनहून पीओएमसीच नसलेल्या मुलांची माहिती आली. केस लालसर, कांती फिकट, कॉर्टिसॉल बनत नाही म्हणून तान्हेपणीच जिवावर बेतलेलं, आणि भूक अफाट. लाल केस आणि भूक ही जोडी पाहून पिवळ्या उंदराची आठवण होते, आणि ती योग्यच आहे; दोन्हीकडे तेच दोन रिसेप्टर उपाशी आहेत.

कुत्र्यांचंही तेच. लॅब्राडॉर पाळणाऱ्यांना ठाऊक असतं की हा कुत्रा कधी तृप्त होत नाही. वाटी चाटून झाली की पुन्हा तोंडाकडे बघत बसतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांनी दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांच्या पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. असा एक तुकडा गळाला तर कुत्रा सरासरी जवळपास दोन किलोंनी जड भरतो. अंधांना मदत करण्यासाठी शिकवलेल्या लॅब्राडॉरांमध्ये हा बदल जास्त आढळतो, कदाचित खाऊच्या आमिषाने त्यांना शिकवणं सोपं जातं म्हणून.

आपल्या लोकांचा या रिसेप्टरशी वेगळा संबंध २००८ साली लंडनमध्ये पुढे आला. तिथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या हजारो लोकांच्या जनुकांची तपासणी झाली. एमसी-४ रिसेप्टरच्या जनुकाजवळचा एक छोटा फरक ज्यांच्यात आई-वडील दोघांकडून आला होता, त्यांच्या कमरेचा घेर सुमारे २ सेंटीमीटरने जास्त होता आणि हा फरक भारतीयांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक प्रमाणात होता. हा बिघाड नव्हे, नुसता कल आहे. पण पोटाचा घेर आणि मधुमेह यांच्याशी आपलं नातं पाहता तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता औषधाकडे येऊ. एमसी-४ रिसेप्टर चेतवला की भूक कमी होते हे १९९७ पासून माहीत असताना औषध यायला २०२० का उजाडलं? कारण हा रिसेप्टर केवळ भुकेचा नाही. तो मेंदूच्या अनेक भागांत आहे, आणि रक्तदाब, हृदयाची गती, कामवासना यांच्याशीही त्याचा संबंध आहे. सुरुवातीच्या रेणूंनी भूक कमी केली, पण रक्तदाब वाढवला. जाड माणसाला आधीच हृदयाचा धोका असतो. त्याचा रक्तदाब वाढवणारं औषध कोण देणार? काही रेणूंनी भुकेपेक्षा कामोत्तेजनाच जास्त केली, आणि त्यांच्यातलाच एक पुढे स्त्रियांमधल्या कामेच्छेच्या अभावावर औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. एमसी-४ रिसेप्टर बिघडलेल्या माणसांचा रक्तदाब त्यांच्या वजनाच्या मानाने कमी असतो, हे २००९ मध्ये केंब्रिजच्याच अभ्यासातून दिसलं. एकच कुलूप दोन खोल्यांना लावलेलं होतं.

सेटमेलॅनोटाइड हा आठ अमिनो आम्लांचं कडं असलेला रेणू. तो या रिसेप्टरला अशा तऱ्हेने चेतवतो की भूक कमी होते, पण रक्तदाब फारसा हलत नाही. २०१६ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या पीटर क्यूनेन यांनी पीओएमसी नसलेल्या दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्या रुग्णाचं वजन ४२ आठवड्यांत ५१ किलोंनी कमी झालं, दुसऱ्याचं १२ आठवड्यांत २०.५ किलोंनी. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे औषध पीओएमसी, लेप्टिन-रिसेप्टर आणि आणखी एका जनुकाच्या दोषांसाठी मंजूर केलं. २०२२ मध्ये त्यात बार्डे-बीडल या आनुवंशिक आजाराची भर पडली, ज्यात दृष्टी, मूत्रपिंड आणि भूक तिन्ही बिघडतात. औषध घेणाऱ्यांची त्वचा काळवंडते, तीळ गडद होतात, कारण रेणू त्वचेतल्या पहिल्या रिसेप्टरलाही थोडा लागतो. पिवळ्या उंदराने दाखवलेलं नातं इथे उलट बाजूने पुन्हा दिसतं. ज्यांचा एमसी-४ रिसेप्टरच दोन्ही प्रतींमध्ये मोडलेला आहे, त्यांना मात्र याचा उपयोग होत नाही. मोडलेल्या कुलपात कोणतीही किल्ली फिरत नाही.

सेटमेलॅनोटाइड नेमकं आहे ते यामुळे की शरीरात जे नाही तेच ते भरून काढतं. साध्या लठ्ठपणासाठी काढलेल्या औषधांना हा आधार नव्हता, आणि तिथे वारंवार अपघात झाले.

१९९० च्या दशकात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन अशी जोडगोळी धडाक्यात खपत होती. फेनफ्लुरामिन मेंदूत सेरोटोनिन वाढवतं, भूक मरते. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची नोंद केली: ही औषधं घेणाऱ्या या सगळ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्या होत्या. सप्टेंबरमध्ये औषध मागे घेतलं गेलं. सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदा प्रकारचे आहेत. भूक कमी करणारा २-सी हा मेंदूत असतो, पण त्याचा जवळचा नातेवाईक २-बी हृदयाच्या झडपांवर बसलेला असतो. औषधाला हा भेद कळत नव्हता. मग फक्त २-सी ला लागणारं लोर्कासेरिन बनवलं गेलं, २०१२ मध्ये मंजूरही झालं, झडपांना सांभाळूनही होतं. पण १२,००० रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये कर्करोग किंचित जास्त, ७.१ ऐवजी ७.७ टक्के, दिसला आणि २०२० च्या फेब्रुवारीत तेही गेलं. याच काळात एक महत्त्वाची गोष्ट कळली: फेनफ्लुरामिनचा भुकेवरचा परिणाम पीओएमसी पेशींमार्फत, म्हणजे शेवटी मेलॅनोकॉर्टिनच्याच वाटेने होतो. आणि मागे घेतलेलं फेनफ्लुरामिन त्याच २०२० साली लहान मुलांच्या ड्राव्हे सिंड्रोम या फिट्‌सच्या आजारासाठी कमी मात्रेत परत आलं.

सर्वांत अस्वस्थ करणारी कथा मात्र रिमोनाबँटची. होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग घेतलेल्यांना कशी खाखा सुटते हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. भांगेतलं द्रव्य मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरवर बसतं. शरीर स्वतःही तिथे बसणारा रेणू बनवतं. तो १९९२ मध्ये जेरुसलेममधल्या राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि संस्कृतातल्या ‘आनंद’वरून त्याला आनंदामाइड नाव दिलं गेलं. भांगेने भूक वाढते, तर हा रिसेप्टर बंद केल्यावर कमी व्हायला हवी, असा फ्रान्सच्या सनोफी कंपनीचा हिशोब होता. तो बरोबर ठरला. रिमोनाबँट घेणाऱ्यांचं वजन वर्षभरात नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा पाचेक किलोंनी जास्त घटलं. जून २००६ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण जो रिसेप्टर खाण्याचं सुख देतो, तोच चिंता शमवतो आणि मनाला उभारी देतो. औषध घेणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता वाढल्या; नैराश्यामुळे औषध सोडणाऱ्यांचं प्रमाण अडीच पट होतं. १८,००० हून अधिक लोकांची एक मोठी चाचणी २००८ मध्ये मध्येच थांबवावी लागली. त्यात औषध घेणाऱ्या गटात चार आत्महत्या झाल्या, दुसऱ्या गटात एक. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच एकमताने नकार दिला होता. भारतात मात्र अनेक कंपन्यांनी या रेणूच्या आवृत्त्या बाजारात आणल्या होत्या, आणि बंदी यायला २००९ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात वजन उतरवायला निघालेली किती माणसं उदास झाली आणि त्यांनी त्याचा दोष स्वतःला दिला, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बारीक होण्यासाठी गोळी घेणारा माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो.

सध्या ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, त्यांच्याबद्दल एवढं लिहिलं जात आहे की इथे थोडक्यात आटोपतो. जीएलपी-१ हे आतड्यातून सुटणारं संप्रेरक. सेमाग्लुटाइड त्याचीच टिकाऊ नक्कल आहे. त्याचे रिसेप्टर मेंदूच्या मागच्या भागात आणि हायपोथॅलॅमसमध्येही आहेत. प्राण्यांतल्या प्रयोगांत या वर्गाची औषधं पीओएमसी पेशींना जागवताना दिसली आहेत. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं. ही इंजेक्शनं घेणारे लोक सांगतात की दिवसभर डोक्यात चालू असलेला खाण्याचा धोशा थांबला. भारतात असंच दुसरं इंजेक्शन, टिर्झेपटाइड, मार्च २०२५ मध्ये आणि लठ्ठपणासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये आलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाबही पुन्हा वाढतो, आणि त्याला आपण कोणी आळस म्हणत नाही.

आतापर्यंत जास्त भुकेबद्दल झालं. पण आपल्या घरांतून बहुधा उलट तक्रार ऐकू येते: पोरगं जेवत नाही, भूक लागायचं काहीतरी औषध द्या. या मागणीवर सिप्रोहेप्टाडिनचं सिरप वर्षानुवर्षं खपत आलं आहे. मुळात हे अ‍ॅलर्जीचं औषध. मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर ते बंद करतं, म्हणून मूल थोडं जास्त खातं; आणि त्याच कारणाने पेंगतंही. काही आजारांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. पण पहिल्या वाढदिवसानंतर मुलाच्या वाढीचा वेग आपोआप मंदावतो आणि त्याबरोबर भूकही. वाढ ठीक असेल तर त्या भुकेला औषधाची गरज नसते. मागे घास घेऊन धावणाऱ्या आजीला हे पटवणं कठीण आहे, तरीही ते पटवायला हवं.

ज्या आजारात माणूस भूक असून अन्न नाकारतो, त्या अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसावर रिसेप्टरच्या वाटेने फार काही हाती लागलेलं नाही. ओलांझापिन या मनोविकारावरच्या औषधाची १५२ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वजन थोडं वाढलं, पण मनातली वजनाची धास्ती तशीच राहिली. तिथे आजही समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि हळूहळू वाढवलेला आहार यांवरच भर असतो.

आणि कर्करोगाचे रुग्ण. त्यांच्या अन्नावरची वासनाच उडते, आणि अंगातलं मांस झडत जातं. घरचे त्यांच्या आवडीचं करून वाढतात, रुग्ण दोन घास घेऊन ताट सरकवतो. पुष्कळदा त्यालाही वाटतं की आपण प्रयत्न करत नाही. भूक जागवणारं घ्रेलिन संप्रेरक १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं होतं. त्याच्या रिसेप्टरला चेतवणारं अ‍ॅनामोरेलिन २०२१ मध्ये जपानने अशा रुग्णांसाठी मंजूर केलं. युरोपने मात्र ते नाकारलं, कारण वजन वाढूनही हाताच्या पकडीतलं बळ वाढलं नव्हतं. मला हा नकार योग्य वाटतो. रुग्णाला वजनकाट्यावरचा आकडा नको असतो, उठून स्वच्छतागृहापर्यंत जाण्याची शक्ती हवी असते.

अलीकडचा शोध जीडीएफ-१५ या प्रथिनाचा आहे. शरीरावर ताण आला की पेशी ते रक्तात सोडतात. मेंदूच्या मागच्या भागात, जिथून मळमळ आणि उलटीचं नियंत्रण होतं, तिथेच त्याचा रिसेप्टर आहे. २०१७ मध्ये तो एकाच सुमारास वेगवेगळ्या गटांना सापडला. अनेक कर्करोगांमध्ये हे प्रथिन खूप वाढतं. गर्भारपणात नाळेकडूनही ते भरपूर येतं, आणि जिवावर बेतेल इतक्या उलट्या होणाऱ्या गर्भवतींमध्ये त्याचा हात असल्याचं २०२३ मध्ये स्पष्ट झालं. त्या संशोधनातही ओराहिली होते. या वेळी औषधनिर्माते मेंदूतल्या कुलपाला हात लावायला गेलेच नाहीत. पॉन्सेग्रोमॅब हे प्रतिपिंड रक्तातच जीडीएफ-१५ ला पकडतं, ते मेंदूपर्यंत पोचण्याआधी. २०२४ मध्ये फुप्फुस, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या १८७ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सर्वांत जास्त मात्रा मिळालेल्यांचं वजन बारा आठवड्यांत औषध न मिळालेल्यांपेक्षा साधारण २.८ किलोंनी जास्त भरलं. त्यांची भूक सुधारली, आणि अंगावर बसवलेल्या यंत्रांनी टिपलेली त्यांची दिवसभराची हालचालही वाढली होती.